आबांच्या कामाबद्दलही चार ओळी छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत आमच्या आबांवर छोटा लेख आला, फोटोसकट. छापलात त्याबद्दल आधी आभार मानतो, कारण खेड्यातला सुतार गेल्याची दखल कोण घेतंय हल्ली. पण खरं सांगू का, वाचून झाल्यावर वाटलं की हा लेख कोणावरही खपून गेला असता. कष्टाळू, मितभाषी, निसर्गप्रेमी, शेवटपर्यंत कामात. सगळं बरोबर आहे (मितभाषी सोडून, ते कसले मितभाषी, लाकडाचा विषय निघाला की समोरच्याला उठू द्यायचे नाहीत) पण हा माणूस आयुष्यभर जे करत होता ते नेमकं काय आणि कसं करत होता यावर एक वाक्य नाही. क्रिकेटर गेला की तुम्ही त्याची सरासरी देता, बॅकफूटवर कसा खेळायचा ते लिहिता. गायक गेला की घराणं, रियाज, गाजलेल्या मैफली. सुतार गेला की फक्त स्वभाव. म्हणून हे लांबलचक पत्र लिहितोय, जागा कमी पडली तर माझी मतं कापा, कामाचं तेवढं ठेवा.

मी त्यांच्या घरचा नाही, शेजारचा. लहानपणी शाळा सुटली की त्यांच्या शेडमध्ये पडीक असायचो, नोकरीला लागल्यावरही सुट्टीत पहिली फेरी तिकडेच.

तर आधी लाकूड. आबांकडे ओलं लाकूड घेऊन आलेला माणूस तसाच परत जायचा, मग तो कितीही मोठा असो आणि त्याला कितीही घाई असो. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी किती असतं याची आपल्याला कल्पनाच नसते, काही जातींत तर सुक्या लाकडाच्या वजनापेक्षा आतल्या पाण्याचं वजन जास्त भरतं. हे पाणी उतरत उतरत सुक्या लाकडाच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत लाकूड आकाराने तसंच राहतं, त्याच्या खाली गेलं की मग आकसायला लागतं आणि खरी गंमत तिथून सुरू होते. एक इंच जाडीला एक वर्ष असा त्यांचा हिशोब होता, जगभरचे जुने सुतार हाच सांगतात. फळ्यांची थप्पी लावताना मध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या, वर वजन, आणि प्रत्येक फळीची दोन्ही टोकं उरल्यासुरल्या रंगाने माखलेली. लहानपणी मला वाटायचं रंग फुकट जाऊ नये म्हणून करतात. कारण असं की पाणी टोकाकडून सगळ्यात भराभर निघून जातं, मग टोकं आधी सुकतात, आधी आकसतात, मधला भाग अजून फुगलेलाच असतो आणि या ओढाताणीत टोकाला चीर पडते. टोक बंद केलं की पाणी बाजूने सावकाश निघतं.

आणि आकसणं पण सगळीकडून सारखं नसतं. लांबीत जवळपास नाहीच. रुंदीत होतं, त्यातही वर्षवलयांच्या कडेकडेने जेवढं होतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे होतं. त्यामुळे फळी सुकताना वाकते, आणि वाकते ती सालीच्या बाजूला खोलगट होऊन. आबा फळीच्या टोकावरची वलयं बघून सांगायचे की ही उद्या कुठे तोंड वाकडं करणार, आणि मग तिला तशीच बसवायचे. एकदा एका शाळेतलं टेबल त्यांच्याकडे आलं, वरचा तक्ता मधोमध उभा चिरलेला, ज्याने केलं होतं त्याने चारी बाजूंनी स्क्रू गच्च आवळून ठेवलेले. आबांनी खालच्या पट्टीतली स्क्रूची भोकं लांबट केली, बस एवढंच, म्हणजे तक्ता ऋतूप्रमाणे हलला तर त्याला सरकायला जागा. चीर सांधायला जेवढा वेळ लागला त्याच्यापेक्षा जास्त वेळ ते करणाऱ्याला शिव्या देण्यात गेला.

पण त्यांचं खरं काम म्हणजे चाक. माझ्या पिढीने ते शेवटचं बघितलं असेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकडी चाक म्हणजे मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेरचा गोल करणारे वाकडे तुकडे आणि त्यावर चढवलेली लोखंडी धाव. तुंब्याला असं लाकूड लागतं ज्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, नाहीतर एवढी भोकं पाडल्यावर ते फुटणारच. आऱ्याला उलट सरळ रेषेचं लाकूड, कारण भार उभा येतो. धाव बसवायची तर आधी चाकाचा घेर मोजायला हवा आणि गोल गोष्टीवर टेप नीट बसत नाही, तर त्यांच्याकडे दांडा लावलेली एक छोटी लोखंडी चकती होती. तिच्यावर खडूची खूण करायची, चाकाच्या कडेवरून ती फिरवत न्यायची आणि किती फेरे झाले ते मोजायचं, मग तीच चकती धावेच्या आतून फिरवायची. धाव मुद्दाम थोडी लहान ठेवतात. किती लहान, हेच सगळं ज्ञान.

आता हिशोब करून बघा. चार फुटी चाकाचा घेर पावणेचार मीटरच्या थोडा वर. लोखंड एक मीटरला दर डिग्रीमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे धाव ५०० डिग्रीने तापवली की घेरात दोन सेंटीमीटरहून जास्त वाढ. तेवढ्यात ती चाकावर चढते. लगेच पाणी ओतायचं, नाहीतर लाकूड पेटतं. मला आठवतोय तो आवाज, वाफेत काही दिसायचं नाही पण आतून कडकड करत एकेक सांधा बसत जायचा आणि बाहेरच्या तुकड्यांमधे मुद्दाम सोडलेल्या बारीक फटी डोळ्यादेखत बंद व्हायच्या. धाव जास्तच लहान झाली तर आरे वाकतात किंवा अख्खं चाक एका बाजूला थाळीसारखं उलटतं, मोठी राहिली तर कोरड्या दिवसात लाकूड आकसल्यावर रस्त्यात गळून पडते. हे सगळं आबा आणि लोहार दोघं मिळून करायचे, थर्मामीटर नाही काही नाही, लोखंडाचा रंग बघून. आणि दोघांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही, भांडत भांडतच करायचे.

मग रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर. चाक संपलं. तुमच्या लेखात यावर दोन हळवी वाक्यं आहेत, पण आबा त्यावर कधी हळवे झालेले मी पाहिले नाहीत. टायर चांगलाच आहे म्हणायचे, जनावराला ओढायला हलका पडतो. इलेक्ट्रिक ड्रिल घरात आल्यावर तर लहान मुलासारखे खूष होते. हाताने फिरवून भोक पाडायचं गिरमीट त्यानंतर खुंटीलाच लटकलं.

पुढे दांडे, खुर्च्या, फाटकं, शिड्या असलीच कामं राहिली. दांड्याचं लाकूड ते करवतीने कापायचे नाहीत, पाचर ठोकून फोडायचे. फोडलेलं लाकूड आपल्या रेषेनेच फुटतं, त्यामुळे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहते. करवतीला रेषेशी काही देणंघेणं नसतं, ती सरळ जाते आणि रेषा मधेच कडेतून बाहेर पडते, विकतचा दांडा तिरका मोडतो तो बरोबर तिथेच. घरातल्या फावड्याचा किंवा कुऱ्हाडीचा दांडा हातात घेऊन बघा, दिसेल.

आता बाग. बागेला लेखात छंद म्हटलंय. मला विचाराल तर तो सुतारकामाचाच दुसरा अर्धा भाग होता, लाकूड उभं असतानाचा.

उदाहरण देतो. जुन्या फळीत काही गाठी घट्ट असतात आणि काही निखळून पडतात, भोक राहतं. निखळणारी गाठ म्हणजे झाडावर वाळून तशीच राहिलेली फांदी, खोड तिच्याभोवती वाढत गेलं पण एकजीव झालं नाही. आयुष्यभर फळ्यांमधून हे बघितलेला माणूस झाड छाटायला उभा राहिला की त्याला आतलं दिसत असणार ना. वाळकी फांदी ते ठेवायचेच नाहीत. आणि कापताना फांदी खोडाला मिळते तिथे जी फुगीर कड असते, तिच्या बाहेरून कापायचे, खोडालगत सपाट नाही आणि लांब खुंटी सोडूनही नाही. जड फांदी असेल तर आधी थोडं लांबवर खालच्या बाजूने अर्धवट काप, मग त्याच्या पुढे वरून, फांदी पडली की उरलेला तुकडा शेवटी नीट. एकाच घावात वरून कापली तर फांदी पडताना खोडाची साल लांबपर्यंत सोलून नेते.

हे साधं वाटतं पण शास्त्राला पटायला बराच वेळ लागला. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो (१९३० ते २००६) नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून बघितली की जखमेनंतर आत काय होतं. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड कुजका भाग आतल्या आत भिंती घालून वेगळा पाडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. फुगीर कड कापून टाकली की ती संरक्षणाची जागाच जाते. त्याआधी वर्षानुवर्षं कितीतरी ठिकाणी खोडालगत सपाट कापा असंच शिकवत होते. आबांनी शायगोचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण झाडं चिरून बघण्यात तेही काही कमी नव्हते.

सगळंच बरोबर करायचे असं मात्र नाही. कापलेल्या जागेला ते रंग फासायचे, टोकाला फासतात तसाच. मेलेल्या फळीला चालतं ते जिवंत झाडाला लागू नाही, शायगोंच्या म्हणण्याप्रमाणे त्याने कुजणं थांबत नाही. मी हे मोबाईलवर वाचून दाखवलं तर म्हणाले, "त्यांना सांग त्यांच्या झाडाला नका लावू." विषय संपला.

कलम करताना मात्र बघत बसावं. पेन्सिलीएवढी काडी, निबर पण डोळे फुटायच्या बेतात आलेली. पटाशीच्याच (लाकूड तासायच्या छिन्नीच्या) दगडावर धार लावलेला चाकू, आणि काप एका ओढीत, खालवर घासायचं नाही कारण घासलं की पृष्ठभाग चेंगरतो आणि मग जुळत नाही. काडीला पाचरीचा आकार, खुंटाला, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या झाडाला, उभी चीर, पाचर आत. मग सगळा खेळ सालीच्या लगेच आतल्या त्या हिरवट ओलसर पापुद्र्याचा, झाडाची जाडी वाढवणारा थर तोच. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध बसवायची नाही, एका कडेला सरकवायची, निदान एका बाजूने तरी पापुद्र्याला पापुद्रा भिडला पाहिजे. नवशिके सालीला साल जुळवतात, दिसायला छान दिसतं आणि काडी वाळून जाते. मग पट्टी घट्ट बांधायची, वरून झाकायचं म्हणजे ओल टिकते, आणि पुढचे तीन चार आठवडे हात लावायचा नाही. पोरं दर दोन दिवसांनी हलवून बघायची, त्यांना पळवून लावायचे.

नारळाला किंवा बांबूला कलम का होत नाही असं मी विचारलं होतं तर म्हणाले त्याला कडच नाही, जोडू कुठे. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात हेच पानभर लिहिलेलं असतं, की त्यांच्यात तो थर अखंड गोल नसतो, नळ्या सगळ्या खोडभर विखुरलेल्या असतात वगैरे.

एक कटू गोष्ट लिहितो. कारागिरांवर लिहिताना तुम्ही लोक शेडमधला भुसा फार रोमँटिक करून टाकता. लाकडाची धूळ माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच तसं जाहीर केलंय. आबांना खोकला कायमचा होता, तो कशाने ते मी सांगू शकत नाही, पण तोंडाला फडकं बांधलेलं मी कधी बघितलं नाही. आणि दुसरी, ही घरच्यांना आवडणार नाही कदाचित. त्यांच्या मुलीचा हात या कामाला त्यांच्या मुलांपेक्षा चांगला होता. कलम करायला तिला शिकवलं, बागेत ती बरोबरीने होती, पण रंधा तिच्या हातात कधी दिला नाही. मुलांना इंटरेस्ट नाही म्हणून कुरकुरायचे आणि जिला होता तिला शेडच्या दारात थांबवायचे. मोठा माणूस होता म्हणून हे झाकायची गरज नाही असं मला वाटतं.

तर आता काय उरलं? मोबाईलमध्ये त्यांचे फोटो ढीगभर आहेत, सत्काराचे, नातवंडांबरोबरचे. कामाचा व्हिडिओ एक, काही सेकंदांचा, त्यात अर्धा वेळ कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर, हातावर नाही.

जपानमध्ये सांस्कृतिक संपत्तीचा कायदा १९५० सालचा आहे, त्याखाली इमारतींबरोबर कारागिराच्या कौशल्यालाही संरक्षण मिळतं, आणि त्यातल्या अव्वल लोकांना चालताबोलता राष्ट्रीय ठेवा म्हणतात. तिथलंच इसेचं मंदिर घ्या, ते दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात, २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा झालं. वीस वर्षं म्हणजे पोरगा असताना हाताखाली काम केलेला सुतार पुढच्या वेळी स्वतः मिस्त्री झालेला असतो. युनेस्कोच्या २००३ च्या करारातसुद्धा पारंपरिक कारागिरी हा वेगळा विभाग आहे. ब्रिटनमध्ये एका संस्थेने २०१७ मध्ये धोक्यात आलेल्या हस्तकलांची यादी काढली, पक्षी-प्राण्यांची काढतात तशी, आणि त्यात चार कला नामशेष म्हणून टाकल्या. त्यातली एक होती लाकडी कड्याची चाळणी बनवणं. यादी आल्यावर लोकांनी जुन्या चाळण्या उलगडून बघितल्या, शिकले, आणि ती कला नामशेषच्या रकान्यातून बाहेर आली. म्हणजे नोंद असली की कोणीतरी परत उचलतं. आपल्याकडे निदान नोंद तरी? ती वर्तमानपत्राला जमण्यासारखी गोष्ट आहे, त्याला कायदा लागत नाही.

म्हणून विनंती अशी की गेल्यावर लेख छापण्यापेक्षा आधी माणूस पाठवा. आणि असा पाठवा ज्याने कधीतरी हातात हत्यार धरलंय. प्रश्न "तुम्हाला या कामातून काय समाधान मिळतं" असला नको, त्याला उत्तर काय देणार बिचारे. हे लाकूड का आणि ते का नाही, फसतं कुठे, फसलंय हे कशावरून कळतं, कोणतं हत्यार स्वतः बनवलं, असं विचारा. पटाशीचा फोटो काढा, कोन दिसेल असा. रोजच्या राशिभविष्याएवढी जागा आठवड्यातून एकदा दिलीत तरी पुष्कळ झालं. वाचकांनाही सांगेन की घरातली जुनी हत्यारं भंगारात द्यायच्या आधी वापरणाऱ्याला दाखवा, निदान कशासाठी होतं ते लिहून चिठ्ठी बांधा. आबांची ती चकती भंगारातच गेली, घरच्यांना ते मोडकं खेळणं वाटलं. दोष देत नाही, कोणालाही तसंच वाटलं असतं.

जाता जाता एक व्यवहाराचं, आबांच्या मुलीसाठी, हे छापाच, कारण पेपर त्यांच्या घरी येतो. ताई, विहिरीकडच्या बाजूच्या आंब्याला कलमाच्या जोडाच्या खालून दोन धुमारे आलेत, मी परवा कुंपणावरून बघितले. ते खुंटाचे आहेत, आबांच्या जातीचे नाहीत. जोमाने वाढतील, छान पालवी येईल म्हणून कोणी ठेवायला सांगेल, ठेवू नका, ते वरचं सगळं मारून टाकतील. आत्ता हिरवे आहेत तोवर मुळाशी खुडले तरी निघतील. आणि त्या झाडावर आबांनी ज्या वेगवेगळ्या काड्या भरल्यात त्यातली कोणती कुठली हे आता फक्त तुम्हाला माहीत आहे, तर एकदा बसून फांद्यांना पाट्या लावून टाकू, पाट्या मी कापून आणतो. तारेने बांधू नका मात्र, फांदी जाड झाली की तार आत रुतते, सैल सुतळी चालेल.

आपला,
एक जुना वाचक